अब्बांची शेवटची बंदूक

माझ्या अब्बांनी घडवलेली शेवटची बंदूक आमच्या अमरावतीच्या दुकानात खुंटीला असायची. लोखंडाच्या पट्ट्या तापवून, गजाभोवती पिळून आणि महिनाभर ठोकून त्यांनी तिची नळी केली होती. चिंचेच्या पाण्याने घासली की तिच्यावर बारीक लाटा उमटत. खांद्याला लावली की नजर आपसूक नेमावर जाई. अब्बा गेल्यापासून मी तिला कोणाला हात लावू दिला नव्हता.

त्या वर्षांत कापसाला असा भाव आला की सगळ्या वऱ्हाडाने ज्वारी सोडून कपाशी पेरली. हाती पैसा आला तशा लोकांनी मुंबईहून आलेल्या स्वस्त दुनळी बंदुका घेतल्या. मी त्यांचीच दुरुस्ती करत बसे.

वलगावच्या माझ्या दोस्ताने मात्र एका वावरात ज्वारी ठेवली होती. बाजारात दाणा मिळत नव्हता आणि घरात चार लेकरं होती. आजूबाजूला सगळी कपाशीच, त्यामुळे रानडुकरं त्याच्याच वावरात घुसत. एक दिवस तो नवी दुनळी दाखवायला घेऊन आला. डाव्या नळीवर, घोड्यापाशी, मला केसाएवढी काळी रेघ दिसली. नळी फुटेल, उडवू नको, असं मी त्याला बजावलं.

तो म्हणाला, "मंग अब्बाची दे. कणसं भरून राहिली. आठ दिवसांत वावरात काहीच उरत नाई."

"तिचा घोडा ढिला हाय," मी म्हणालो.

घोडा ढिला नव्हता. त्याने खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फक्त उजवी नळी उडवतो म्हणाला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी वलगावहून माणूस आला. दिवस कलताना कळप वावरात शिरला होता. उजव्या नळीची गोळी लागलेलं डुक्कर उलटून त्याच्या अंगावर आलं, तेव्हा त्याने डावी उडवली. नळी फुटली. डावा हात मनगटापासून गेला, चेहरा भाजला. मी पोचलो तोवर ताप चढला होता. वैद्य आला, हकीम आला, मी दर्ग्यावर डोकं आपटून आलो. कशाचाच उपयोग होईना. शुद्धीवर आला की तो एकच विचारी, ज्वारी उभी आहे का. मी हो म्हणायचो. अर्धी तर लोळली होती. चौथ्या दिवशी तो गेला.

माती देऊन आलो तेव्हा त्याच्या बायकोने मला अंगणात थांबवलं.

"तुमी ते बंदूक त्याहिले काहून नाई देली?"

मी खरं ते सांगितलं. माझ्याने हातातून सोडवली नाही, घोड्याचं खोटं बोललो. ती रडली नाही, मला दोषही दिला नाही. म्हणाली, "आता तरी आना."

दुसऱ्याच दिवशी मी ती घेऊन गेलो. कापणी होईस्तोवर रोज संध्याकाळी वावरात बसलो आणि तीन डुकरं पाडली. बंदूक एकदाही चुकली नाही. दर वेळी बार उडवला की वाटे, एकदा तरी चुकावी, म्हणजे दिली असती तरी तो वाचला नसता असं मला म्हणता येईल.

उरलेली ज्वारी तिने स्वतः कापली. ती रोज माझ्यासाठी वावराच्या कडेला धुऱ्यावर भाकर ठेवून जाई, पण माझ्याशी पुन्हा बोलली नाही.