चांगूबायचा स्वार्थ

चांगूबायच्या कमरेला चाव्यांच्या जागी लोहचुंबक लोंबकळायचं. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं, नायलॉनच्या दोरीला बांधलेलं. किनाऱ्यावर डबा दिसला की ती आधी त्याला चुंबक लावायची. चिकटला तर लोखंडी पत्रा, तो तिथेच टाकायचा. नाही चिकटला तर जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. मग आतली वाळू झटकायची, टाचेखाली डबा चेपायचा आणि गोणीत भरायचा. शनिवार-रविवारी श्रीवर्धनकडच्या आमच्या किनाऱ्यावर बियरच्या डब्यांचा खच पडतो. म्हसळ्याचा भंगारवाला आठवड्यातून एकदा टेम्पो घेऊन कोळीवाड्यात येई आणि तिची गोणी काट्यावर चढवी.

मी गावच्या शाळेत शिक्षिका. नवीन होते तेव्हा मी तिला त्या चुंबकाबद्दल विचारलं. म्हणाली, "चिकटंल त्याला भाव नसतो गो बाई." पुढे कळलं की माणसंही ती अशीच पारखते. होडीच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून गोडगोड बोलणाऱ्या स्वतःच्या मुलाबद्दल म्हणायची, "कसा चिकटतो बघ. लोखंड हाय मेला." एकदा मी तिचं जरा जास्तच कौतुक केलं, तर डोळे बारीक करून म्हणाली, "तू पन चिकटायला लागलीस काय?"

सारा जन्म तिने डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली होती. गुडघे गेले आणि पाटी सुटली. "मासली जड, डबा हलका. हलका म्हनून झेपतो," ती सांगायची. काही लोक वजन वाढवायला डब्यात ओली वाळू ठेवून चेपत, म्हणून भंगारवाला सगळ्यांच्याच वजनात घट धरी. चांगूबायच्या गोणीतही त्याने एकदा घट धरली, तेव्हा तिने अख्खी गोणी त्याच्या पायाशी ओतली. "सोध वालू! दर्याची वालू मी कशाला इकू?" कोळीवाडा गोळा झाला. त्यानंतर तिची गोणी तो घट न धरता घेऊ लागला.

हे सगळं पोटासाठी नव्हतं. जेवायला मुलाकडे मिळत होतं. "सून वाईट न्हाय," ती म्हणायची, "पन काय मागितलं का भांडं वाजतं." म्हणून तंबाखू, देवीच्या जत्रेचं भाडं आणि रक्तदाबाच्या गोळ्या, एवढं तिला स्वतःचं हवं होतं. गोळ्यांची पट्टी ती पोलक्यात ठेवायची आणि एखादा दागिना दाखवावा तशी मला दाखवायची. "माझ्या गोल्या माझ्या डब्यांच्या."

मग मला समाजसेवेची हुक्की आली. गावात किनारा स्वच्छता समिती निघाली आणि मी सचिव झाले. शहरातल्या एका कंपनीची पोरं एकसारखे शर्ट घालून रविवारी पहाटे आली. सुकती लागली, पाणी ओसरलं, तशी चांगूबाय नेहमीच्या वेळेला गोणी घेऊन उतरली. तोवर किनारा लख्ख झाला होता. सगळे डबे डायपर, बाटल्या आणि नारळाच्या करवंट्यांबरोबर काळ्या पिशव्यांत बंद झाले होते.

"बाई, डबं तेवढं दे मला," ती म्हणाली.

त्या पोरांचा प्रमुख म्हणाला, पिशव्या उघडता येणार नाहीत, एकूण कचऱ्याचं वजन फोटोसह पाठवायचंय. मी एक शब्द बोलले असते तर पिशव्या उघडल्या असत्या. पण मी म्हटलं, "आज राहू दे चांगूबाय, पुढच्या वेळी बघू." ती गोणीची घडी घालून गेली. ट्रॅक्टरने पिशव्या खाडीमागच्या पडीक खाजणात नेऊन ओतल्या आणि दुपारी पेटवून दिल्या. आमचा फोटो मात्र झकास आला.

स्वच्छतेचं कौतुक झालं आणि पंचायतीने किनाऱ्याच्या सफाईचा ठेकाच देऊन टाकला. ठेकेदाराच्या माणसाने चांगूबायला कचरापेटीत हात घालताना धरलं आणि चारचौघांत चोर म्हटलं. कचऱ्याची चोर! ती शाळेत आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "अर्ज लिही," म्हणाली. तिला डबे वेचू द्यावेत, असा अर्ज मी लिहिला. पंचायतीत उत्तर मिळालं की पर्यटकांसमोर म्हातारी कचरा चिवडताना बरी दिसत नाही. मी भांडले नाही. त्याच पंचायतीने माझा सत्कार ठरवला होता, हे मी आता कबूल करते, आणि मला माझीच किळस येते.

त्यानंतर ती ओट्यावर बसून असायची. मी हाक मारली तर नुसती मान हलवायची. सात-आठ महिन्यांत ती गेली. पहाटे न्हाणीत पडली ती उठलीच नाही.

भेटायला गेले तेव्हा सून रडत होती. "बाई, गोळ्या कधीच्या संपल्या होत्या हो. एका शब्दाने बोलल्या नाहीत. मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या का?"

दिल्या असत्या. मला त्याबद्दल शंका नाही.

पंचायतीने श्रद्धांजलीचा फलक करायचं ठरवलं आणि मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवला. 'चांगुणाबाईंनी निःस्वार्थ भावनेने किनारा स्वच्छ ठेवला.' मी 'निःस्वार्थ'वर काट मारून कागद परत केला. पंचायतीतून फोन आला, "बाई, चांगला शब्द आहे, राहू द्या की."

"तिचा स्वार्थ होता," मी म्हटलं. "कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढा. तो आपण काढून घेतला."

पलीकडून आवाज आला, "ते खरं असेल बाई, पण फलक छापून झालाय."

फलक किनाऱ्यावर लागला आहे. खाली समितीच्या सचिव म्हणून माझं नाव आहे.