पत्र्याला न कळणारी आरोळी

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी लातुरात दयानंद सर पत्र्याच्या शेडमध्ये कराटे शिकवायचे. ठोसा मारताना पोरं "हाऽऽय" अशी लांबलचक आरोळी ठोकायची, पत्रा थरथरायचा आणि शेजारच्या क्लासमधली बारावीची पोरं भूकंप समजून रस्त्यावर यायची. क्लास आणि शेड दोन्हींचे मालक रेणुकादास सर. ते म्हणाले, "आरोळी बंद करा, न्हाईतर शेड सोडा. आमची पोरं फिजिक्स कमी अन् पळणंच जास्त शिकायलीत."

आरोळीशिवाय कसलं कराटे? दयानंद सरांनी टेबलावर चढून पत्र्याला तळहात लावला आणि पोरांना ओरडायला सांगितलं. लांबवलेल्या आवाजाला पत्रा हळूहळू साथ द्यायचा. पोटातून तुटक "हा" निघाला, की पत्र्याला पत्ता लागेपर्यंत तो संपलेला असायचा.

आठवडाभर तेवढंच घोटून घेतलं. मग एका संध्याकाळी सगळी पोरं एकदम "हा" म्हणाली. पत्रा गप्प. दयानंद सरांनी बाहेर डोकावलं, तर फाटकाशी खडू घेऊन एकटे रेणुकादास सर.

"वाजला का पत्रा?"

"न्हाई हो, पोरं आत बसलीत. तुमची वेळ झाली की सवयीनं माझेच पाय बाहेर निघतात."

"मग शेडचं काय?"

"राहू द्या की. आता मलाबी आत बसायला शिकू द्या."