तुळशीपुढचं झाकण

देव वेळेला धावून येतो असं लोक सांगतात, तेव्हा मी मान डोलावते, पण त्या श्रावणी सोमवारी मला ते अजिबात पटत नव्हतं. उपास माझा, पाऊस त्याचा, आणि शिनोलीतल्या आमच्या घरात मोरीतून गटाराचं पाणी वर येत होतं. यजमान जीप घेऊन भीमाशंकरला गेलेले. मोरीशेजारच्या खोलीत सासरे जमिनीवर गादी टाकून पडलेले, कारण पलंगावर त्यांना झोप येत नाही. साखरेमुळे पायाची दोन बोटं काढली होती, टाके ओले होते. त्या जखमेला घाण पाणी लागलं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला एकटीला ते उचलेनात.

आमच्या आळीत सगळ्यांनी एक शहाणपण केलं होतं. अंगणात चिखल नको म्हणून पन्हळीचा पाइप थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला. जोराचा पाऊस झाला की गटार तुंबायचं, आणि सर्वांत सखल घर आमचं.

मी चिंध्या कोंबत होते तेवढ्यात दारात एक भिजलेली बाई आली. पिंपळवंडीची म्हणाली, दर्शनाला निघाली होती, गाडी पुढे अडकली होती. संडासला जाऊ का, म्हणून विचारत होती.

"मावशी, आमचाच वर येतोय," मी तुसडेपणानं म्हणाले.

तिनं आत डोकावून पाहिलं, पदर खोचला. "आमच्याकडं बी असंच झालं व्हतं. चेंबर कुठं हाय?"

चेंबर अंगणात, तुळशीपुढे. सकाळीच सारवून रांगोळी घातली होती.

"झाकण काढ."

"तुळशीपुढं? आज?"

"मग घरात येऊ द्यायचं का? म्हातारं खाली निजलंय न्हवं."

मला तिचा राग आला, खरंच आला. पण पाणी गादीच्या कडेला टेकलं होतं. मी पहार आणली. दोघींनी झाकण उचललं तशी सगळी घाण भसाभस वर येऊन अंगणभर पसरली, वृंदावनाच्या पायापर्यंत. आत मोरी गुडगुडली आणि पाणी उतरायला लागलं. मग तिनं पन्हळीचा पाइप उपसून बाजूला केला आणि मोरीत चिंध्या ठासून वर आमचा पाटा ठेवला.

बाहेर तिच्या गाडीचा हॉर्न वाजला. हातपाय धुऊन ती निघून गेली. जिच्यासाठी ती दारात आली होती ती अडचण तशीच राहिली, हे नंतर माझ्या लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. पिंपळवंडीची म्हणाली, तर असेल.

पुढे आम्ही पन्हळ वेगळी काढली, गटाराच्या पाइपाला पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवली. सासऱ्यांचे टाके कोरडे निघाले, पाय राहिला. त्या दिवशी मला अंगण राखायचं होतं आणि देवाला माणूस. मी त्याचं ऐकलं, तेही कुरकुरत. माझी भक्ती एवढीच, आणि त्यानं ती चालवून घेतली.