तुळशीची पानं आणि लाल आकाश
तुळशीचा वास आला की मला डीमन या डच गावातली, मे महिन्यातली ती रात्र आठवते. मला आठवा लागला होता आणि बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. खिडकीबाहेर आकाश एकाएकी लालगुलाबी झालं, त्यात हिरव्या रेघा हलू लागल्या. शेजारपाजारचे सगळे कालव्याकाठी जमले. सासूबाईंनी मात्र पडदे ओढले, पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पानं टाकली आणि म्हणाल्या, "तू बाहेर पडायचं नाहीस. बाळाला डाग येईल." मी म्हटलं, "आई, हे ग्रहण नाही, नॉर्दर्न लाइट्स आहेत. सूर्याकडून आलेले कण वरच्या हवेवर आदळतात, त्याचा हा उजेड." "सूर्याचंच ना? मग ग्रहणच ते." नवरा पुटपुटला, "राहा ना घरात, काय बिघडतं?" तिथेच माझं डोकं फिरलं. त्याचंच जाकीट चढवून मी बाहेर पडले आणि पोटावर हात ठेवून, लाली विझेपर्यंत गार गवतात उभी राहिले. लेक जन्मली ती मानेवर लाल डाग घेऊन. असे डाग कितीतरी बाळांना असतात, असं डॉक्टर म्हणाल्या. सासूबाई अजूनही व्हिडिओ कॉलवर सांगतात, "केस मोकळे सोड गं तिचे." मी रोज सकाळी ते उंच बांधते, डाग सगळ्यांना दिसेल असे.