पोळ्याला फ्रीजमध्ये राहिलेली कुपी

पोळ्याच्या दिवशी दुपारी बारा चाळीसला आमच्या कौशल्याबाईंच्या डोळ्यातून सुईने काढलेलं पाणी हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये ठेवलं गेलं. ठेवणारा सणाला घरी निघून गेला.

आज सकाळी बाई गेल्या.

आमगावच्या माझ्या थोरल्या नणंद. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून मला आयुष्यभर ‘मॅडम’ म्हणाल्या. टोमणाच तो.

आठ महिने डोळ्यातली सूज म्हणून स्टेरॉइड चाललं. घेतलं की बरं, थांबवलं की पुन्हा धुकं.

मग एका डॉक्टरीणबाईंना शंका आली. लिम्फोमा असावा. डोळ्यातला दुर्मिळ कॅन्सर, सुजेचं सोंग घेणारा.

स्टेरॉइडमुळे तो लपतो. म्हणून आधी औषध बंद. मग डोळ्यातलं पाणी काढून त्याच दिवशी नागपूरच्या लॅबला. पेशी टिकत नाहीत.

तीन आठवडे बाई ताटातला भात चाचपून जेवल्या.

“मॅडम, बैलं बी धुरकट दिसून रायले. काऊन बंद केलं औषध?”

“नमुना नीट यावा म्हणून.”

“मंग येऊ दे नीट.”

पोळ्याच्या दिवशी त्यांचा जावई दुपारच्या गाडीने नागपूरला निघाला होता. बाई म्हणाल्या, “त्याच्या हाती देऊन टाका ना.”

आपल्याकडे सगळं असंच कुणाच्या तरी हाती नागपूरला जातं.

मी म्हणाले, “नाही. नियमाने जाऊ द्या.” नमुना आजच लॅबला जाईल, अशी हॉस्पिटलची पावती माझ्याकडे होती. शिक्क्यासकट.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या काउंटरला फोन केला. “भेज दिया मॅडम, टेन्शन मत लो.”

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. काउंटर बंद.

कुपी तिसऱ्या दिवशी निघाली. रिपोर्ट आला: पेशी नष्ट, निदान शक्य नाही.

दुसऱ्या नमुन्यात लिम्फोमा सापडला. त्यात दीड महिना गेला होता, आणि तोवर कॅन्सर मेंदूत पोचला होता.

बाई मात्र चिडल्या नाहीत. “त्याच्याबी घरी बैल असतीन, मॅडम. सोडा.”

मी सोडणार नाही.

पावतीवर विश्वास ठेवला, ही माझी चूक. ती मी इथे सर्वांसमोर लिहून दिली आहे.

आता हॉस्पिटलने आपली लिहून द्यावी. कुपी का थांबली? न पाठवता ‘भेज दिया’ कोण म्हणालं?

तेरवीच्या दिवशी दुपारी बारा चाळीसपर्यंत. फोन नको. कागदावर, सहीनिशी. शिक्का तर तुमच्याकडे आहेच.

बाई, नमस्कार करते.

जावयाच्या हाती द्यायला हवं होतं.