विठाच्या छातीवर बसलेली आई

आमच्या शेजारची विठा ओठ न हलवता शिट्टी वाजवायची. हसू नका, खरं सांगतो. आमच्या चामटोली गावात राब भाजायला लागले, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर शेण-पालापाचोळा पेटवला, की तिच्या छातीतून सूं सूं सुरू. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

तिची आई वांगणीची. तीही राबाच्याच दिवसांत धाप लागून गेली. मग गावाने ठरवलं, आई लेकीच्या छातीवर येऊन बसते. विठालाही ते पटलेलं. मला म्हणायची, "आबा, तिचाच आवाज आहे हो. मला न्यायला येते."

तिचा नवरा बाळाजी मग सासूला घालवायला धुरी द्यायचा. दारं लावून, निखाऱ्यावर लोभान आणि सुक्या मिरच्या. हात भलताच सढळ. आमची मांजरंही शिंकायची. धूर वाढला की शिट्टी वाढे, आणि बाळाजी म्हणे, "बघा, झोंबतंय सासूबाईंना." की टाक आणखी मिरच्या.

गेल्या उन्हाळ्यात धुरी चालू असतानाच शिट्टी एकाएकी थांबली. बाळाजी खूश. "गेली एकदाची."

पण विठाचे ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. नशीब, तिची लेक ऋतिका नेमकी कात्रपहून आली. तिने दार ढकललं, आईला रिक्षात घातलं नि बदलापूरला दवाखाना गाठला.

डॉक्टरीण म्हणाली, "हा दमा आहे. श्वासाच्या नळ्या सुजून आवळतात, धुराने जास्तच. आवाज थांबला तो बरं वाटलं म्हणून नाही. हवाच जात नव्हती." रोज ओढायचा पंप दिला.

बाळाजी कुरकुरला, "सवय लागेल तिला."

"लागू दे," ऋतिका म्हणाली. "श्वास घ्यायची पण लागलीच आहे ना, बाबा."

आता विठा सकाळ-संध्याकाळ पंप ओढते, चूळ भरते. राब पेटायच्या आधी लेकीकडे राहायला जाते. शिट्टी नाही, काही नाही.

परवा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, आईलाही आमच्या बाबांनी दार लावून धुरी दिली होती. शेवटी तिचा आवाज थांबला. आम्ही म्हटलं, चला, उतार पडला. तिला झोपू दिलं."

मी तिच्याजवळ टेकलो नि तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.