माल्टाऐवजी आई

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला इथे कॅनडात, मिसिसागात ऑफिसातलं काम कोण देतं? ओळखीच्या एका मावशींनी दिलं. सहलींचं ऑफिस त्यांचं. दारातला बर्फ फावड्यानं उपसणं, चहा आणि स्टेपल मारणं माझं. "तीन महिने बघू," म्हणाल्या होत्या. तिसरा संपत आला आणि एका दुपारी त्या हायवेवर बर्फात अडकल्या. नेमके तेव्हाच मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे निवृत्त काका-काकू माल्टा बेटाची चौकशी करायला आले.

मावशी फोनवर म्हणाल्या, "त्यांना हलू देऊ नकोस. काय बघायचं, काय करायचं, सांगत राहा. गिऱ्हाईक गेलं तर चौथा महिना विसर."

माहितीपत्रक इंग्रजीत. मी फोटो बघून बोलू लागलो. समुद्राला लागून किल्ला. पावलापावलाला चर्च. रंगीत होड्या. फोटो संपले तरी काकूंचे प्रश्न संपेनात. मग मी आमच्या वसईतलंच सांगत सुटलो: सणाचा बँड, सुकत घातलेले बोंबील, केळीच्या वाड्या.

"किती वर्षं होतात तिकडे?" काकांनी विचारलं.

खोटं बोलवेना. "माल्टाला गेलोच नाही. हे वसईचं आहे."

काकू वळल्या. "अहो, मग वसईच बघू की! तुमच्या पोटाला तिकडचं चीज नकोच."

"सगळा जन्म पुण्यात काढला, वसई राहिलीच," काका जरा दुखावून म्हणाले. "वेळापत्रक लिहून द्या. मिनिटांसकट."

पुण्याच्या माणसाला रिकामा तास दाखवायची माझी छाती नव्हती. तिसऱ्या दिवशी दहा ते अकरा मोकळे उरले, तिथे घाबरून लिहिलं: 'माझी आई पाहणे'.

मावशी आल्या, कागद वाचला. "माल्टा विकायला सांगितला, यानं आई विकली!" मग त्यांनी मुंबईची दोन तिकिटं काढली आणि म्हणाल्या, "या कागदाच्या वीस प्रती काढ. चौथ्या महिन्याला लागतील."

मी त्यांच्या पाया पडलो, तर त्या खेकसल्या.

काही आठवड्यांनी आईचा फोन. "अरे, टोप्या घालून दोघं आले होते. विहिरीचे फोटो काढले, माझे काढले, अकराच्या ठोक्याला उठले. आज आणखी चौघं! ओट्यावर बसून नुसते बघत होते. मी काय करायचं रे?"

तिला पाहून मला चार वर्षं झाली होती.

"काही नको, नेहमीचंच कर," मी म्हटलं. "फक्त दहा ते अकरा घरी राहत जा."